नफरी पुरी

गेल्या महिन्यात नांदेडला एका लग्नाला गेलो होतो. जेवणं उरकली आणि वऱ्हाड परत निघालं. कार्यालयाच्या दाराशी मुलाकडची बस उभी होती. तिच्या पायरीवर एक जाडजूड बाई काखेत पर्स दाबून बोटानं माणसं मोजत होती. मोजून झाल्यावर ती ड्रायव्हरला म्हणाली, "नफरी पुरी. चल बाबा."

मी पुढं होऊन विचारलं, "ताई, हा शब्द कुठला?"

"कोणता?"

"नफरी."

"आमच्यात असंच म्हणतात. माणसं मोजून झाली की नफरी पुरी म्हणायचं." तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "का हो?"

"गाव कोणतं तुमचं?"

"लातूरच की. मालक दालमिलमधी हायत."

तिचे मालक माझ्या मिलमध्ये नव्हते. मी त्या बाईला ओळखत नव्हतो, आणि तो शब्द आपण कुणाकडून उचलला हे तिलाही माहीत नव्हतं. पण तो माझ्या फाटकातून बाहेर पडला होता. ज्या माणसानं तो लातुरात आणला त्याच्याशी माझं भांडण चार वर्षं तसंच पडून होतं. मी भांडण अर्धवट सोडणारा माणूस नाही.

मी मूळचा उमरीचा. पंधराव्या वर्षी जिनिंगवर पोती उचलत होतो आणि चाळिसाव्या वर्षी लातुरात बंद पडलेली एक दालमिल विकत घेतली. मधल्या वर्षांत मला कुणी काही दिलं नाही. जे मिळालं ते भाव करून मिळालं. समोरचा माणूस थकेपर्यंत मी बोलत राहतो, आणि थकला नाही तर आवाज चढवतो. माझा स्वभाव तापट आहे हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचा मला फायदाच झालेला आहे.

त्या माणसाचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तरी लातुरात कुणाला ओळख पटणार नाही. सगळे त्याला मेजर म्हणायचे. फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस आपल्याकडं मेजरच असतो. तो मात्र दर वेळी दुरुस्त करायचा. "मेजर लई वरचा असतो. मी हवालदार." पाच वर्षं त्यानं ही दुरुस्ती केली आणि पाच वर्षं कुणी ऐकली नाही.

मला पोती मोजणारा चौकीदार हवा होता. देगलूरकडचा एक फौजी आहे असं कुणीतरी सांगितलं. तो आला तो इस्त्रीची पँट, आरशासारखे बूट आणि काखेत एक कोरं रजिस्टर घेऊन. खुर्ची दाखवली तरी बसला नाही.

"मिलमधी माणसं किती हायत, साब?"

"एकतीस. पण मला पोत्यांचा हिशेब हवाय."

"पोती मोजायला मुकादम हाय की. माणसं कोण मोजतो?"

"माणसं आपल्या पायानं येतात, आपल्या पायानं जातात."

"म्हणूनच मोजावी लागतात. पोतं जागचं हालत न्हाई."

पगाराचा आकडा त्यानं एकदा सांगितला. मी सवयीनं निम्म्यावर आणला. तो "ठीक हाय, साब" म्हणाला आणि चालू लागला. मला वाटलं फाटकाशी थांबेल. थांबला नाही, सरळ रस्त्याला लागला. मला माणूस पाठवून त्याला परत बोलवावं लागलं. असं माझ्या बाबतीत त्याआधी कधी झालं नव्हतं. भाजी घेतानाही तो भाव करायचा नाही. बाई सांगेल तो आकडा द्यायचा किंवा पुढच्या टोपलीकडं जायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "भाव करायचा म्हंजे दोघांनी आधी खोटं बोलायचं. मग खरं कवा सांगायचं ते ठरवायचं. तेवढा टाइम मला न्हाई."

टाइम त्याला भरपूर होता. माझा मात्र तो खायचा. दिवसातून चार वेळा गिनती घ्यायचा. सकाळी, जेवणानंतर, गोदामाला कुलूप लावण्याआधी आणि संध्याकाळी सुटी होताना. हमाल, चाळणीवरच्या बाया, मशीनवाले, सगळे तीन-तीनच्या रांगेत. आकडा मोठ्यानं हिंदीत म्हणायचा आणि मग ओठातल्या ओठात तेलुगूत पुन्हा मोजायचा. त्याची आई तेलुगू बोलायची. आईच्या भाषेत मोजलं की चूक होत नाही असं त्याचं म्हणणं. मग माझ्या ऑफिसच्या दारात येऊन टाचा जुळवायचा आणि सांगायचा, "कुल एकतीस, हाजिर एकतीस, सब ठीक." मी फोनवर असलो तर फोन संपेपर्यंत तसाच ताठ उभा. मी "ठीक" म्हणेपर्यंत रांग सुटायची नाही.

ह्या मोजण्यामागं काहीतरी घडलेलं असणार, असं लोकांना वाटायचं. बर्फात कुणी राहून गेला असेल, वगैरे. मुकादमानं तशी एक गोष्ट रचून बाजारात सांगितलीही होती. मी मेजरला सरळ विचारलं. तो म्हणाला, "कारण काय असतंय, साब? रोज मोजतात म्हणून मोजायचं."

पहिल्या वर्षी सगळे त्याला हसले. दुसऱ्या वर्षापासून सगळे त्याच्यासारखं बोलू लागले. सकाळच्या पहिल्या चहाला तो गनफायर म्हणायचा, कारण फौजेत तसं म्हणतात. समोरच्या हॉटेलवाल्यानं ते उचललं. आता त्या रस्त्यावर कुणीही "दोन गनफायर" अशी ऑर्डर देतो. झाडलोटीला तो फटीग म्हणायचा. बाया एकमेकींना विचारू लागल्या, "आज फटीग कुणाची गं?" उशिरा येणाऱ्याला फाटकापासून चाळणीपर्यंत पोतं घेऊन दोन फेऱ्या मारायला लावायचा, त्याला रगडा. त्याच्या रजिस्टरात मी ओ.सी., म्हणजे तुकडीचा साहेब, होतो आणि मलमपट्टीची पेटी एम.आय. रूम. हमाल कोपऱ्यावरच्या डॉक्टरालाच एम.आय. म्हणू लागले. "दोन दिवस झाले एम.आय.ला जाऊन राहिलो, गुण न्हाई." एम.आय. म्हणजे काय, हे एकालाही माहीत नव्हतं आणि त्यानं कुणाचं अडत नव्हतं.

एकदा मी चिडून म्हणालो, "मेजर, मिलची पार छावणी करून टाकली तुम्ही. माणसं मराठी विसरली."

"हवालदार," तो म्हणाला. "आन् साब, मराठी म्हंजे कोणती? तुमच्या वैनी पोरांना आमची पलटण म्हणतात, ती कुठून आली? पेपरात चोरांनी रेकी केली म्हणून छापतात, तो शब्द कुणाचा? पुढारी मोर्चा काढतात, आघाडी करतात. सगळी आमचीच भरती हाय. शब्द रिटायर होत न्हाई, साब. सिव्हिलमधी नोकरी धरतो."

मी त्याला कामाला जायला सांगितलं.

त्याची एक सवय मला सगळ्यात जास्त टोचायची. मी काही सांगितलं की तो विचारायचा, "साब, ह्यो हुकूम का सल्ला?" मी वैतागून म्हणायचो, "तुम्हाला काय समजायचं ते समजा." मग तो ते सल्ला समजायचा आणि स्वतःच्या मनाचं करायचा. हुकूम हा शब्द मी टाळत होतो. धंद्यात मी कुठलीच गोष्ट अंगावर घेत नाही, मागं यायला वाट ठेवतो. त्याला हे पहिल्या महिन्यातच कळलं असावं.

मग हैदराबादचा खरेदीदार आला. मोठा माणूस. दोन तास बसलो, सौदा जमत आला. निघताना त्याची गाडी फाटकात अडली. जेवणानंतरची गिनती चालू होती आणि आकडा जुळत नव्हता. आत आलेला माणूस म्हणून मेजरनं खरेदीदारालाही रजिस्टरात घेतलं होतं. "उतरा साब, रांगेत या, दोन मिनटं." दोनाची वीस मिनिटं झाली. खरेदीदार हसला, रांगेत उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ते साऱ्या बाजाराला सांगितलं. त्यानंतर मी आडतीत शिरलो की कुणीतरी म्हणायचंच, "सेठ आले. नफरीत लिहा."

त्या दिवशी मी मेजरशी भाव करायला बसलो. मला येतं ते तेवढंच. चारच्या तीन गिनत्या केल्या, सकाळची काढली. महिन्याभरानं जेवणानंतरची काढली. दिवाळीनंतर संध्याकाळची. बायांची बस चुकते असं कारण दिलं आणि ते खरंही होतं. तो म्हणाला, "गोदामाची तेवढी ऱ्हाऊ द्या, साब. तिथं दार बंद होतं." मी म्हणालो, "दिली." चारावरून एकावर आणलं म्हणून मी खूश होतो. घरी बायकोला सांगितलंसुद्धा.

आमच्याकडं मारोती नावाचा हमाल होता. वय पन्नाशीचं, कंबर गेलेली. भाकरी खाल्ली की गोदामात मागच्या थप्पीच्या आणि भिंतीच्या मधल्या गारव्यात अर्धा तास आडवा व्हायचा. हे मला ठाऊक होतं, मुकादमाला ठाऊक होतं, मेजरला तर होतंच. गिनतीच्या वेळी तोच त्याला बुटानं हळूच ढोसून उठवायचा. "उठ रे, मुलकी माणसा. नफरीत ये."

तो शनिवार होता. शनिवारी मिल दुपारीच सुटते. तुरीला कीड लागली होती म्हणून गोळ्या टाकणारा माणूस बोलावला होता. तो पोत्यांवर प्लास्टिक घालतो, आत गोळ्या ठेवतो आणि दारं चिकटपट्टीनं बंद करतो. गोळ्यांचा वायू जहरी असतो, सात दिवस कुणी आत जायचं नसतं. मी बाजारातून आलो तो डोकं तापवूनच. एक सौदा अगदी हाताशी आला होता आणि ऐन वेळी कुणीतरी नफरीवरून बोललं. सगळे हसले, समोरचाही हसला, आणि हसता हसता उठून गेला.

गोळ्यावाला मोटारसायकलवर बसून होता. "सेठ, मला औशाला जायचंय. दार लावून द्या, पट्टी मारतो."

मेजर दारात रजिस्टर घेऊन उभा होता. "साब, पंचवीसच दिसून राहिलेत. सहा कमी हायत."

"सहा जण बाहेर पडलेत. मी येताना रस्त्यावर पाहिले."

"पाच पाहिले का सहा?"

"मी मोजत बसलो नाही."

"मग बोलावतो त्यांना. मोटारसायकलवर पाठवतो कुणाला तरी."

"काही बोलावू नको. कुलूप लाव."

त्यानं रजिस्टर मिटलं. मग नेहमीच्या आवाजात त्यानं विचारलं, "साब, ह्यो हुकूम का सल्ला?"

"हुकूम," मी म्हणालो. "हुकूम हाय माझा. लाव कुलूप."

त्यानं टाचा जुळवल्या. कुलूप लावलं. गोळ्यावाल्यानं फटींवर पट्टी मारली आणि औशाला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, एक गाडी भरायची होती म्हणून मी मिलवरच होतो. नऊच्या सुमारास मारोतीची बायको फाटकाशी आली. चिडलेली नव्हती, घाबरलेलीही नव्हती. "काल घरी आले न्हाईत. बहिणीकडं गेले काय? तुमाला काई बोलले का?" तिनं हे मेजरला विचारलं. तो गोदामाकडं पळत सुटला. साठीकडं झुकलेला माणूस, मी त्याला त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. किल्ली त्याच्या खिशात होती. तरी त्यानं पहार उचलली आणि कोयंडा उखडला. तोंडाला ओला गमचा बांधून एकटाच आत गेला.

फार आत जावं लागलं नाही. मारोती दारापर्यंत आलेला होता. फाटक लांब आहे आणि शेजारच्या मिलचं मशीन शनिवारी रात्रीपर्यंत चालू असतं, आतून दार वाजवलेलं कुणाला ऐकू जाणार नाही. हे मी पोलिसांना सांगितलं. खरं तेच सांगितलं.

मेजरचा जबाब माझ्यासमोर झाला. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तो भिंतीकडं पाहून बोलला. "गिनती न्हाई घेतली. कुलूप मी लावलं."

"मालक कुठं होते?"

"ऑफिसात."

मी रात्रभर जागून उत्तरं तयार केली होती. तो म्हणाला की सेठनं सांगितलं, तर मी काय म्हणायचं. तो म्हणाला की हुकूम होता, तर काय म्हणायचं. त्यातलं एकही लागलं नाही. पुढं जे कोर्टकचेरीचं झालं ते त्याच्या नावानं झालं. मी वकील दिला. तो वकिलाशी बोलला नाही. आतल्या वायूनं त्याची छातीही गेली होती. एक दिवस त्यानं रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं आणि देगलूरला निघून गेला. जाताना सलाम केला. मी मान वर केली नाही.

ह्याचाच मला चार वर्षं राग होता. जो माणूस पाच वर्षं माझा एक शब्द ऐकत नव्हता, त्यानं नेमका तोच का ऐकला? आणि ऐकला तर ऐकला, वरून सगळं स्वतःवर घेऊन मला उपकाराखाली का दाबून ठेवलं? मी कुणाचा उपकार घेत नाही.

म्हणून त्या दिवशी नांदेडच्या कार्यालयातून निघाल्यावर मी ड्रायव्हरला लातूर न सांगता देगलूर सांगितलं.

त्याचं गाव देगलूरच्या पुढं आहे, तेलंगणाच्या अंगाला. अंगणात उन्हाला खाट टाकली होती आणि तो छातीपर्यंत पांघरूण घेऊन पडला होता. एवढासा झालेला. खाटेखाली बूट मात्र जोडीनं ठेवलेले, पॉलिश केलेले. त्याची बायको तेलुगूत काहीतरी बोलली, त्यानं डोळे उघडले.

"साब."

"मेजर, मी भांडायला आलोय."

"हवालदार," तो म्हणाला आणि खोकला. खोकला बराच वेळ चालला. "चा घ्या आधी. गनफायरचा टाइम निघून गेला, तरी व्हईल."

"चहा नको. मला एवढंच सांगा. पाच वर्षांत माझी एक गोष्ट ऐकली नाही तुम्ही. त्याच दिवशी का ऐकलं?"

तो विचार करत होता असं वाटलं नाही. श्वास गोळा करत होता. "त्याच्या आधी तुमी भाव करून राहिलते. चाराचे तीन, तीनाचे दोन. भावाला माणूस न्हाई म्हणू शकतो. त्या दिवशी तुमी हुकूम दिला."

"तो चुकीचा होता."

"हाव."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मारोती कुठं झोपतो ते मला रोज ठाऊक असायचं, साब. मीच तर उठवायचो."

"मग?"

"मग काय. पोलिसांना माझं नाव सांगितलं."

त्याची बायको पाणी घेऊन आली. मी तांब्या हातात धरून बसलो. उपकाराचं जे ओझं मी चार वर्षं वागवत होतो ते त्यानं माझ्यावर ठेवलेलंच नव्हतं. त्या जबाबात मी कुठं नव्हतोच. तो त्याचा आणि मारोतीचा मामला होता. माझं जे होतं ते माझ्याकडं जसंच्या तसं होतं, आणि त्याचा भाव करायला समोर कुणीही नव्हतं.

"लातुरात सगळे तुमचा शब्द वापरतात आता," मी म्हणालो. "बायासुद्धा. लग्नात."

"कोणता?"

"नफरी."

तो हसला नाही. "मिलमधी गिनती व्हते का अजून?"

"होते. चार वेळा."

"कोण घेतो?"

"मीच घेतो."

त्यानं मान माझ्याकडं वळवली. मग आवाज एकदम बदलला. दारात उभा राहून मला विचारायचा तो आवाज.

"कुल?"

"तीस."

"हाजिर?"

"तीस."

'सब ठीक' हे पुढचे दोन शब्द राहिले होते. पांघरुणाखाली त्याचे पाय हळूच एकमेकांजवळ आलेले मला दिसले. तो डोळे मिटून थांबला होता. त्याची बायकोही दाराशी थांबली होती. मी तांब्या खाली ठेवला, परत उचलला. मला ते दोन शब्द बोलता आले नाहीत.